पुस्तकात नसलेली ज्वारी

बार्शीहून मद्रासला आलो तेव्हा मला इंग्रजी येत नव्हतं. इंग्रजी बोलणाऱ्यांचे आवाज मात्र आठ दिवसांत यायला लागले. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो सगळ्यात आधी माझ्या लक्षात यायला हवा होता. तसं झालं नाही.

वडिलांची बदली झाली होती. एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या आणि मला जवळच्याच शाळेत घातलं. बार्शीत आमचा इंग्रजीचा तास म्हणजे गुरुजी आमच्याकडे बघायचे आणि आम्ही गुरुजींकडे. इथं भूगोलसुद्धा इंग्रजीत. बाकावरची पोरं तमिळमध्ये बोलायची, बाई इंग्रजीत ओरडायच्या, आणि मी घरी येऊन आईला दोन्हींची नक्कल करून दाखवायचो. आई हसून हसून पोळी करपवायची. अर्थ तिलाही कळत नव्हता आणि मलाही.

नक्कल हे माझं एकच भांडवल. हेडमास्तर दोनदा खाकरायचे, मग बोलायचे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी विचारायचे, ‘‘अंडरस्टँड?’’ एग्मोर स्टेशनवरची अनाउन्समेंट करणारी बाई नाकातून बोलायची. बसचा कंडक्टर शिट्टी मारायचा आणि ‘‘रैट, रैट!’’ म्हणायचा. हे सगळे माझ्या गळ्यात भाडं न देता राहायला आलेले.

नववीत असताना एकदा प्रार्थनेआधी माइक चालू राहिला होता. जवळपास कुणी नव्हतं. मी दोनदा खाकरलो आणि हेडमास्तरांचं पाठ झालेलं वाक्य म्हणालो, ‘‘उद्या शाळेला सुट्टी आहे. अंडरस्टँड?’’

मला वाटलं, पोरं हसतील. पोरं हसली नाहीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा खरंच आली नाही.

मला सेवेच्या सरांपुढे उभं केलं. ‘सेवेचे सर’ म्हणजे शिकवायला फिजिक्स, पण नववीपासूनच्या प्रत्येक पोराला दर शनिवारी दुपारी कुठली ना कुठली समाजसेवा करायला लावायचं काम त्यांच्याकडे. कुणी स्टेशनवर उन्हाळ्यात पाणी वाटायचं, कुणी सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्यांचे फॉर्म भरून द्यायचे, कुणी वस्तीतल्या लहान पोरांना पाढे शिकवायचे. दवाखान्यात पंखे होते म्हणून सगळ्यांना दवाखाना हवा असायचा.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘‘आवाज आहे ना तुझ्याकडे? फार आहे ना? वापर मग.’’

आणि त्यांनी मला अण्णाकडे दिलं.

अण्णा दहावीत होता. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, कारण दहावीत ही त्याची दुसरी खेप आणि त्याआधी एक वर्ष शाळाच नव्हती. लहानपणी तापात त्याची दृष्टी गेली होती. ब्रेल यायचं, पण आमच्या पुस्तकांची ब्रेल प्रत कुठून आणणार? त्यामुळे कुणीतरी पुस्तक मोठ्यानं वाचायचं, ते कॅसेटवर घ्यायचं, आणि त्यानं घरी ऐकून पाठ करायचं, अशी सोय सरांनी केली होती. बोर्डाच्या परीक्षेत त्यानं उत्तरं सांगायची आणि लेखनिकानं ती लिहायची. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, म्हणजे मनाचं काही लिहू शकणार नाही. मी नववीत होतो आणि माझे मार्क बघून सरांना खात्री होती की मनाचं लिहायला माझ्याकडे काही नाहीच. वाचक मी आणि लेखनिकही मी.

‘‘दोघं मराठी,’’ सर म्हणाले. ‘‘बोला मराठीत.’’

अण्णा तंजावरचा. तीनशे वर्षांमागं तिकडं गेलेली माणसं. तो तोंड उघडून जे बोलला ते ऐकून मी फिस्सकन हसलो.

‘‘कोठला रे तूं, तंबी?’’ त्यानं विचारलं. तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

‘‘बार्शीचा.’’

‘‘हसतोस कां? आमच्या घरीं अस्के ऐसेंच बोलतात.’’ अस्के म्हणजे सगळे, हे मला नंतर कळलं. बोलताना शब्द मराठी आणि हेल तमिळ, म्हणजे जिथं आपण खाली उतरतो तिथं हा वर चढायचा. ‘‘तुझी मराठी मज भांडल्यासारखी लागते. बार्शीत अस्के भांडतात काय?’’

मला तो आवडला. पण त्याला हसवणं मला जमेना, आणि ती गोष्ट मला भयंकर लागली.

त्याचं काय होतं ते त्यानं पहिल्याच शनिवारी सांगून टाकलं, म्हणजे नंतर भानगड नको. मागच्या वर्षी त्याला मिळालेला लेखनिक पेपरच्या दिवशी आलाच नाही. ऐनवेळी दुसरा दिला, त्याची आणि याची बोलण्याची गती जुळेना, निम्मा पेपर कोरा. सोशल सायन्समध्ये नापास. वडील तंजावरला एका दुकानात हिशेबनीस. त्यांनी मावशीकडे, मद्रासच्या कडेला वेलचेरीला ठेवून त्याला एक वर्ष आणखी दिलं होतं. एकच. या वेळी पास झाला तर अकरावी, नाहीतर घरी. ‘‘घरीं म्हणजे ओसरीवर बसायचें,’’ तो म्हणाला. ‘‘येणारे-जाणारे विचारणार, कसा आहेस पा? मी म्हणणार, बरा आहें. ऐसें साठ वर्षांपर्यंत.’’

मी म्हटलं, ‘‘बार्शीत ओसरीवर बसायला माणसं मरतात.’’

तो हसला नाही.

रेकॉर्डिंग शाळेच्या वाचनालयामागच्या खोलीत. टेपरेकॉर्डर सरांच्या घरचा, त्यावर त्यांच्या बायकोनं भरतकाम केलेला रुमाल. दोन बटणं एकदम दाबायची. पंखा बंद ठेवायचा, कारण पंख्याची घरघर धड्यापेक्षा मोठी येते. मद्रासचा उकाडा, पंखा बंद, दार बंद. घाम पुस्तकावर पडायचा आणि एखाद्या राजाचं राज्य ओलं व्हायचं. मधेच स्टेशनवरून इंजिनाची शिट्टी आली की थांबायचं, तेवढं मागं न्यायचं, पुन्हा. एक कॅसेट भरली की सर तिच्या कडेची प्लॅस्टिकची बारीक जीभ पेन्सिलीनं मोडायचे, म्हणजे कुणी चुकून पुसू नये.

अण्णा रेकॉर्डिंगला नसायचा. त्याच वेळी त्याला गणिताची शिकवणी असे. तो नंतर येऊन कॅसेटी न्यायचा.

मी पहिला धडा माझ्या आवाजात वाचला आणि माझा मलाच कंटाळा आला. बार्शीचा पोरगा अडखळत इंग्रजी वाचतोय, हे कोण ऐकणार? मग मी राज्यघटना हेडमास्तरांच्या आवाजात वाचली. नद्या स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात. पिकं आणि खनिजं कंडक्टरच्या आवाजात, दर उपविषयाला शिट्टी मारून. आणि नवल म्हणजे अडखळणं थांबलं. माझ्या तोंडून इंग्रजी निघेना, पण त्यांच्या तोंडून निघे.

पुढच्या शनिवारी अण्णा म्हणाला, ‘‘तंबी, हें बरें केलेंस. ऐकलें कीं लगेच कळतें, शिट्टी म्हणजे पिकें, नाकातली बाई म्हणजे नद्या. डोक्यात कप्पे पडले.’’

एवढंच. कौतुक केलं, पण हसला नाही.

आता मी जे केलं ते सांगतो. एका राजाचा धडा होता. त्यानं प्रजेसाठी पाच गोष्टी केल्या: रस्ते बांधले, विहिरी खणल्या, झाडं लावली, धर्मशाळा बांधल्या, दवाखाने काढले. मी हेडमास्तरांच्या आवाजात वाचत होतो. दुपारचे तीन, खोलीत वारा नाही, डोळे मिटायला आलेले. पाचवी गोष्ट वाचून झाली आणि मी त्याच आवाजात पुढं म्हणालो, ‘‘सहावी, राजाने सर्व प्रजेला दुपारी एक तास झोप सक्तीची केली. अंडरस्टँड?’’

पुस्तकं इंग्रजीत होती, तेव्हा हेसुद्धा इंग्रजीत म्हणालो. बार्शीहून आल्यापासून मी स्वतः जुळवलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य. व्याकरण बरोबर होतं, म्हणूनच तर घात झाला.

पुढच्या आठवड्यात अण्णा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ‘‘तो राजा भला होता रे. दुपारीं झोंपू देत होता.’’

मला वाटलं, सापडलं! याची गंमत करायची तऱ्हाच ही. चेहरा हलवायचा नाही. मग काय, मी सुटलो. नद्यांच्या धड्यात एक नदी ‘नेहमीप्रमाणे उशिरा’ समुद्राला मिळाली. एका मंत्र्याला सतरा मुलं झाली. आणि पिकांच्या धड्यात मी ज्वारी पेरायला लागलो. त्याचं कारण वेगळं होतं. मद्रासला येऊन दीड वर्ष झालं होतं आणि मी भाकरी बघितली नव्हती. ज्वारीचं पीठ मिळेना, आई रोज भात नाहीतर पोळी करायची. त्यामुळे कावेरीच्या खोऱ्यात भात, ऊस, केळी आणि ज्वारी. केरळात नारळ, मिरी आणि ज्वारी. आसामात चहा, ताग आणि ज्वारी. प्रत्येक ठिकाणी मी शिट्टी मारून ज्वारी उतरवत गेलो.

अण्णा हसला नाही तरी मला आतून गुदगुल्या व्हायच्या. दोघांची गुप्त गंमत चाललीय असं मी धरून चाललो होतो.

बोर्डाच्या आधी शाळेची सराव परीक्षा होती. तिला लेखनिक म्हणून दुसराच एक पोरगा बसला, कारण त्या दिवशी माझाही पेपर होता. चार दिवसांनी सोशल सायन्सच्या टीचरनी दहावीच्या वर्गात पेपर वाटले आणि अण्णाचा हातात ठेवून घेतला. हे मला त्याच्याच वर्गातल्या एकानं मधल्या सुट्टीत सांगितलं, पोट धरून सांगितलं.

‘‘टीचरनी मोठ्यानं वाचलं. दुपारची झोप सक्तीची! आसामात ज्वारी! सगळा वर्ग खाली लोळला. आणि हा उभा राहून काय म्हणतो माहितीय? टीचर, ते पुस्तकात आहे.’’

‘‘मग?’’

‘‘मग टीचर म्हणाल्या, कुठल्या पानावर आहे दाखव. आता हा काय दाखवणार!’’

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

अण्णा पायऱ्यांवर बसला होता. डबा उघडलेला, दहीभात तसाच. मी शेजारी जाऊन बसलो. माझी चाल त्याला ओळखू यायची.

‘‘तंबी, पुस्तक आणलेंस? राजाचें पान काढ. कितव्या पानावर आहे?’’

मी दप्तराचं बक्कल घट्ट केलं.

‘‘काढ रे. त्यांना दाखवायचें आहे.’’

‘‘अण्णा, ते पुस्तकात नाही.’’

‘‘मग कोठें आहे?’’

‘‘मी घातलं.’’

कावळा येऊन त्याच्या डब्याजवळ बसला, तो मी हाकलला.

‘‘ज्वारी?’’

‘‘तीपण.’’

‘‘सतरा मुलें?’’

‘‘मला वाटलं तुला कळतंय. तू म्हणालास ना, राजा भला होता. मला वाटलं तू पण...’’

‘‘मी खरेंच म्हणालों,’’ अण्णा म्हणाला. ‘‘मला तो राजा आवडला होता.’’

त्यापेक्षा त्यानं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. बार्शीत आम्ही ते पटकन उरकतो.

‘‘किती आहेत ऐसे?’’ त्यानं विचारलं.

‘‘माहीत नाही.’’

‘‘माहीत नाही म्हणजे काय डा?’’ ‘रे’ जाऊन तमिळमधलं ‘डा’ आलं होतं, म्हणजे राग.

‘‘सुचेल तसं बोललो. लिहून थोडंच ठेवलंय. चौदा कॅसेटी आहेत, अण्णा.’’

परीक्षेला बावीस दिवस होते. मी म्हटलं, सरांना जाऊन सांगतो, ते दुसरा वाचक देतील. तो म्हणाला, सांगशील तर सर पहिले तुला काढतील. लेखनिक म्हणून तुझं नाव बोर्डाला गेलेलं आहे, मंजुरीचं पत्रसुद्धा आलंय. बदलायला अर्ज, मग पत्र, मग पुन्हा ऐनवेळी कुणीतरी परका. ‘‘मागच्या वर्षीं तेंच झालें. तुझ्यावर रागावायला मज वेळ नाही. परीक्षा झाल्यावर रागावेन. आतां पुस्तक घेऊन रोज ये.’’

मग मी रोज शाळा सुटल्यावर बसनं वेलचेरीला जायला लागलो. तेव्हा वेलचेरी म्हणजे तळं, भातशेतं आणि मधेमधे सुटी घरं. मावशी सांगे, पावसाळ्यात दारापर्यंत पाणी येतं आणि ती उंबऱ्यावर बसून मासे मोजते. मी पुस्तक उघडून ओळीखाली बोट ठेवायचो, अण्णा टेप लावायचा, आणि दोघं माझा मूर्खपणा ऐकत बसायचो. मावशीला इंग्रजी येत नव्हतं. शिट्टी आली की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘‘कंडक्टर आला काय रे? तिकीट काढा!’’

मला बोट ठेवूनसुद्धा चुका सापडत नव्हत्या. मी इतक्या सफाईनं घातल्या होत्या की माझं बोट ओळ संपून पुढच्या ओळीवर जायचं आणि मला पत्ताच नाही. अण्णा मात्र टेप थांबवायचा.

‘‘येथें बघ.’’

‘‘काय?’’

‘‘येथें कांहीतरी आहे. मागें जा.’’

आणि तिथं हमखास असायचं. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मी विचारलं, तुला कसं कळतं?

‘‘मनाचें बोलण्याआधी तूं श्वास ओढतोस,’’ अण्णा म्हणाला. ‘‘पुस्तकाला श्वास लागत नाही. तें तूं एका दमांत वाचतोस. तुझें स्वतःचें आलें कीं आधीं हवा घेतोस, उडी मारणाऱ्या पोरासारखी.’’

आजपर्यंत मला वाटत होतं की आवाजातलं मला कळतं. मी टेप पुन्हा ऐकला. खरंच होतं. सीऽऽ करून श्वास, आणि मग सतरा मुलं.

एकूण एकतीस निघाल्या. चूक सापडली की कॅसेटच्या मोडलेल्या जिभेच्या जागी चिकटपट्टी लावायची, म्हणजे त्यावर पुन्हा रेकॉर्ड होतं, आणि तेवढं वाक्य नीट वाचून भरायचं. कंडक्टरच्या धड्यात कंडक्टरच्याच आवाजात भरायचं, असा अण्णाचा हट्ट. ‘‘आवाज राहूं दे. आवाज माझे कप्पे आहेत. तुझें सामान तेवढें काढ.’’

ज्वारीच्या बाबतीत मी इतका धसकलो होतो की दिसेल तिथं उपटत सुटलो. पानाकडे बघितलंसुद्धा नाही. ज्वारी ऐकू आली की पुसली.

आणखी एक गोष्ट त्यानं केली, आणि मला न सांगता केली. तो मधल्या सुट्टीत वर्गातल्या पोरांना धडे वाचायला लावायला लागला. जो पोरगा पोट धरून हसला होता, त्यालाच त्यानं पहिल्यांदा धरलं. ‘‘तूं फार हसलास ना? मग खरें काय आहे तें वाचून दाखव.’’ तो पोरगा लाजून बसला आणि वाचायला लागला. मग त्याच्या शेजारचा. तमिळ पोरं, इंग्रजी पुस्तक, वाचता वाचता त्यांचेही धडे व्हायला लागले. शेवटच्या आठवड्यात पायऱ्यांवर सहा-सात जण बसलेले मी लांबून बघितले. मला थोडं लागलं. माझी नोकरी गेल्यासारखं वाटलं.

सोशल सायन्सच्या पेपरला आम्हाला वेगळी खोली दिली होती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पर्यवेक्षक बाई. बाईंनी मला आधीच बजावलं, ‘‘तो सांगेल ते लिहायचं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. खुणा करताना दिसलास तर पेपर रद्द. त्याचा.’’

त्या ‘त्याचा’ शब्दानं माझी बोटं गार पडली. मद्रासमध्ये, मार्चमध्ये.

मी प्रश्न वाचायचो, अण्णा दोन्ही हात टेबलावर ठेवून सांगायचा, मी लिहायचो. राजा आला. पाच गोष्टी. मी सहावीची वाट बघत पेन उचलून धरलं, पण तो ‘‘पुढचा प्रश्न’’ म्हणाला. मंत्री बिनमुलांचा गेला. नदी वेळेवर समुद्राला मिळाली. माझ्या जिवात जीव यायला लागला.

मग प्रश्न आला, दख्खनच्या पठारावरील मुख्य पिके लिहा.

‘‘कापूस,’’ अण्णा म्हणाला. मी लिहिलं. ‘‘भुईमूग. तूर. ज्वारी.’’

माझं पेन थांबलं.

एक राहिलीच. एकतीस काढल्या आणि बत्तिसावी आत राहिली, आणि ती पण ज्वारीच. मी लिहिलंच नाही तर? त्याला दिसणार नाही. बाई खिडकीशी उभ्या. तीन पिकं पुरतील, मार्क मिळतील, आणि कुणाला कळणारही नाही. माझ्या खोडीपायी हा पोरगा साठ वर्षं ओसरीवर बसणार, त्यापेक्षा एक शब्द गाळलेला काय वाईट?

‘‘लिहिलेंस?’’ अण्णानं विचारलं.

पेन कागदावर चालल्याचा आवाज त्याला आला नव्हता.

‘‘नाही अजून.’’

‘‘मग लिही.’’

आमच्याकडे बघून बाई दोन पावलं पुढं आल्या. मी लिहिलं. ज्वारी. इतकं वाईट अक्षर मी आयुष्यात काढलं नसेल.

पेपर संपला, बाई गठ्ठा घेऊन गेल्या, आणि मी व्हरांड्यात त्याचा दंड धरला. ‘‘अण्णा, ज्वारी कशाला सांगितलीस? ती माझी होती! ती राहिली होती काढायची!’’

‘‘कोठली?’’

‘‘पठारावरची.’’

‘‘ती पुस्तकांत आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पोरांनीं वाचून दाखवली. दोघांकडून वाचून घेतली. तूं घाबरून खरीसुद्धा पुसलीस.’’ मग थांबून म्हणाला, ‘‘बार्शी कोठें आहे रे, तंबी?’’

‘‘दख्खनच्या पठारावर,’’ मी म्हणालो.

‘‘आणि तेथें काय पिकतें?’’

तेव्हा अण्णा पहिल्यांदा हसला. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग त्याला भिंतीला धरावं लागलं. मी सहा महिने जे करू बघत होतो ते मी काही न करता झालं, आणि हसला तो माझ्यावर.

निकाल जूनच्या आधी लागला. तेव्हा निकाल पेपरात यायचा, नुसते नंबर, बारीक टायपात, पानंच्या पानं. नंबर असला तर पास, नसला तर नाही. अण्णा वेलचेरीहून एकटा बसनं आला आणि एग्मोर स्टेशनसमोरच्या पेपरवाल्याकडे आम्ही भेटलो. गर्दी एवढी की पेपर सगळ्यांच्या डोक्यांवरनं घ्यावा लागला. एक आई रडत होती, पण ती पास झालेल्याची होती की नापास झालेल्याची ते कळेना.

मी पान उलगडलं. बोट खाली नेत नेत त्याच्या नंबरापाशी आलो.

‘‘अण्णा, आहे.’’

तो हलला नाही. चेहऱ्यावर काही नाही.

‘‘अण्णा, आहे! पास!’’

‘‘शेजारीं कोण उभा आहे?’’ त्यानं विचारलं.

शेजारी एक गृहस्थ होते, चष्मा कपाळावर ढकलून आपल्या मुलाचा नंबर शोधणारे. अण्णानं त्यांना तमिळमध्ये हाक मारली, ‘‘सार, जरा हा नंबर बघता का?’’ आणि माझ्या हातातला पेपर त्यांच्याकडे सरकवला. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या गृहस्थांनी चष्मा खाली घेतला, एकेक आकडा मोठ्यानं वाचला, आणि म्हणाले, ‘‘आहे तंबी, आहे.’’

‘‘पुन्हा एकदा, सार.’’

त्यांनी पुन्हा वाचला. मग स्वतःच्या मुलाचं विसरून त्यांनी अण्णाचा हात धरून जोरजोरात हलवला.

आम्ही पोस्टात गेलो. तंजावरला फोन कुठला असणार, तार महाग. अण्णानं पोस्टकार्ड घेतलं. त्याच्या वडिलांना बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, वाचता यायची, पोथ्या वाचून वाचून. अण्णा काउंटरला टेकून उभा राहिला आणि मला सांगायला लागला. मी लिहायला लागलो.

‘‘तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. मी पास जाहलों. अकरावींत नांव घालण्यास मावशी हो म्हणाली आहे. तुम्हीं यावें. नंबर पेपरांत आहे, दोघांनीं वाचला.’’ तो थांबला. ‘‘जागा उरली?’’

‘‘एक ओळीची.’’

‘‘मग तुझें कांही घाल.’’

‘‘माझं? काय?’’

‘‘जें सुचेल तें. बाबा हसत नाहीत. मी त्यांचाच मुलगा.’’

मी बराच वेळ पेन धरून उभा होतो. मागं रांग लागली, कुणीतरी म्हणालं, लवकर करा. मग मी लिहिलं, आणि टाकण्याआधी त्याला वाचून दाखवलं, माझ्याच आवाजात, बार्शीच्या:

‘‘वरील सर्व मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. ही ओळ मी घातली.’’

अण्णानं मान हलवली. ‘‘राहूं दे ती,’’ म्हणाला, आणि पेटीचं तोंड हातानं चाचपून कार्ड स्वतः आत टाकलं.